टीव्हीला घातलेली नीळ

हा आपल्या या वेळच्या भागाचा लिखित अवतार. हेडफोन घरी विसरलेत, लोकलमध्ये उभ्याने प्रवास चाललाय, तर हे तुमच्यासाठी. बोलताना जे सुटलं ते इथे भरलंय, आणि दोन फालतू विनोद काढून टाकलेत.

सुरुवात घरापासून करते. गेल्या दिवाळीत साताऱ्याला आई-बाबांसाठी नवा टीव्ही घेतला. ५५ इंची. बसवणारा मुलगा चहा पिऊन गेला आणि मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये घुसले. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर होता, तो ‘मूव्ही’ केला. शार्पनेस खाली आणला. हालचाल गुळगुळीत करणारी ती भानगड असते ना, ती बंद केली. मग एखाद्या सर्जनच्या थाटात बाजूला झाले.

बाबा येऊन बसले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “अगं, याला कावीळ झालीय का?”

मी समजावलं. बाबा, दिग्दर्शकाने स्टुडिओत जे बघितलं ते हे, खरा रंग हाच. तर म्हणाले, “दिग्दर्शक येणारे का इथं बघायला?” दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर टीव्ही परत व्हिव्हिडवर. कुणी केलं हे विचारण्यात अर्थ नव्हता.

राग आला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. टीव्हीतला रंग ‘बरोबर’ आहे हे ठरवतं कोण? कारण हे ठरवणं हा चक्क एक व्यवसाय आहे. पैसे घेऊन घरी येणारी माणसं आहेत. बॅगेतून मोजमापाची यंत्रं काढतात, खोलीत अंधार करतात आणि दोन-चार तास टीव्हीसमोर बसून आकडे जुळवतात. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. हे ऐकून तुम्हाला वाटेल, श्रीमंतांचे चोचले. मलाही तसंच वाटायचं. पण इतिहास उलटा आहे: सुरुवातीला असा माणूस घरी आल्याशिवाय रंगीत टीव्ही नीट चालतच नसे.

चला अमेरिकेत, १९५३ मध्ये. १७ डिसेंबरला तिथल्या एफसीसी या सरकारी संस्थेने रंगीत प्रसारणाची एनटीएससी पद्धत मंजूर केली. इंजिनिअरांसमोरची अट अवघड होती. लोकांच्या घरात लाखो ब्लॅक अँड व्हाइट सेट होते, ते भंगारात निघता कामा नयेत. म्हणजे जुन्याच सिग्नलमध्ये रंग कोंबायचा. त्यांनी शक्कल लढवली. काळ्या-पांढऱ्या चित्राच्या सिग्नलमध्येच आणखी एक लहर सोडली. त्या लहरीची उंची सांगणार रंग किती गडद, आणि ती किती पुढे-मागे सरकली आहे, म्हणजे तिची फेज, ती सांगणार रंग कोणता.

डोकं अफाट. पण एक घोळ होता. वाटेत, एखाद्या इमारतीवर आपटून किंवा यंत्रातून जाताना, ती लहर जराशी जरी सरकली तरी रंगच बदलायचा. माणसाचा चेहरा हिरवा, नाहीतर जांभळा. म्हणून तिकडच्या सेटवर ‘टिंट’ नावाचं एक बटण असायचं. चॅनल बदला, बटण फिरवा, चेहरा माणसात आणा. एनटीएससीचा अर्थ ‘नेव्हर द सेम कलर’, रंग कधीच एकसारखा नाही, असं इंजिनिअर मंडळीच गमतीने सांगायची.

हे झालं हवेतलं. आता पेटीतलं. १९५४ मध्ये आरसीए कंपनीचा सीटी-१०० बाजारात आला. १५ इंची नळी, किंमत १,००० डॉलर. नळीत तीन गन: लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. तिघींचे किरण पडद्यावर अचूक जुळले तर चित्र, नाहीतर प्रत्येक माणसाला तीन रंगीत सावल्या. भरीस भर म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व. टीव्हीचं तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे फिरवलं तरी पडद्यावर रंगाचे डाग पडू शकत. मग मेकॅनिक घरी येणार, मोठं वेटोळं पडद्यासमोर फिरवून चुंबकत्व उतरवणार, ठिपक्यांचं चित्र लावून तिन्ही किरण एकेक करून जुळवणार. सोफा हलवला आणि त्याबरोबर टीव्ही हलवला, की आणखी एक फेरी.

जर्मनीत टेलिफुंकन कंपनीतल्या वॉल्टर ब्रुख यांनी त्या सरकणाऱ्या लहरीवर उपाय काढला. ३ जानेवारी १९६३ रोजी हॅनोवरमध्ये त्यांनी युरोपातल्या प्रसारण तज्ज्ञांना तो दाखवला. कल्पना इतकी साधी की वाचल्यावर आपल्याला का नाही सुचली असं वाटतं. चित्राच्या एका ओळीत रंगाची लहर सरळ पाठवायची, पुढच्या ओळीत तिचा एक भाग उलटा. वाटेत जी चूक होईल ती एका ओळीत एका बाजूला, दुसऱ्या ओळीत विरुद्ध बाजूला, आणि दोन्ही मिळून जवळपास शून्य. चेहरा फार तर थोडा फिका पडेल, हिरवा होणार नाही. ही पाल पद्धत. पश्चिम जर्मनीत २५ ऑगस्ट १९६७ ला रंगीत प्रसारण सुरू झालं तेव्हा विली ब्रांट यांनी समारंभात मोठं लाल बटण दाबलं, पण बटण पूर्ण दाबलं जाण्याआधीच चित्र रंगीत झालं! बटण नुसतं दिखाव्याचं होतं, आत खरा माणूस बसला होता, त्याने घाई केली.

आता भारत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. रंग यायला १९८२ उजाडलं, एशियाडचं वर्ष. आणि आपण घेतली पाल पद्धत. त्यामुळे आपल्या आई-बाबांच्या पिढीला टिंटचं बटण माहीतच नाही. हिरवे चेहरे आपण पाहिले नाहीत.

म्हणजे आपण शहाणे होतो असं नाही हां. बाबांच्या लहानपणी वाड्यात एकच टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याच्या काचेवर रंगीत प्लास्टिक बसवलेलं: वर निळं, मध्ये तांबूस, खाली हिरवं. वर आकाश, मध्ये माणसं, खाली गवत, असा त्यामागचा हिशोब. क्रिकेटला थोडाफार जमायचा. बातम्यांना मात्र वृत्तनिवेदिकेचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. आजूबाजूची वीस माणसं ते मिटक्या मारत बघायची. पुढे रंगीत टीव्ही आला तेव्हा शेजारच्या काकांनी रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. रंगीतचे पैसे मोजलेत, तर रंग दिसायला नको? बाबा सांगतात, तेव्हाच्या सगळ्या देव-देवता त्यांच्या आठवणीत नारिंगी आहेत.

काकांना हसू नका, त्यांचं तर्कशास्त्र लक्षात ठेवा. पुढे मोठमोठ्या कंपन्या त्याच रस्त्याने गेल्या.

पण आधी त्यांच्याबद्दल, ज्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवायला नकार दिला. टीव्ही जुळवायचा तर पडद्यावर असं काहीतरी हवं, ज्याचं बरोबर रूप आधीच ठाऊक आहे. बीबीसीने जुलै १९६७ मध्ये ‘टेस्ट कार्ड एफ’ आणलं. मध्ये एक लहान मुलगी फळ्यावर फुली-गोळा खेळतेय, शेजारी कापडी विदूषक, बाजूला रेघा आणि रंगांचे पट्टे. फळ्यावरची एक फुली बरोबर पडद्याच्या मध्यबिंदूवर. ती मुलगी म्हणजे हे कार्ड बनवणारे इंजिनिअर जॉर्ज हर्सी यांची लेक कॅरोल. दिवसा कार्यक्रम नसताना हेच चित्र चालू असायचं, म्हणजे दुकानदार आणि मेकॅनिक त्यावर सेट जुळवू शकत.

चेहराच का? कारण निळी भिंत थोडी वेगळी निळी दिसली तर आपल्याला कळत नाही, पण माणसाची कांती जरा बिघडली की लगेच खटकतं. बाबांना कावीळ दिसली ती भिंतीवर नाही, माणसांवर. आता यातली बोचणारी गोष्टही सांगून टाकते. कांतीचा नमुना म्हणून वर्षानुवर्षं धरला गेला तो गोरा चेहरा. फोटोच्या प्रयोगशाळांमध्ये कोडॅकची ‘शर्ली कार्ड’ असायची, गोऱ्या बाईचा फोटो, आणि तिची त्वचा नीट आली की छपाई नीट आली असं मानायचे. सावळ्या माणसांचे फोटो काळवंडायचे, त्यात चूक त्यांच्या रंगाची नव्हती. मोजमाप आकड्यांचं असतं, पण आकडा कुणाच्या गालावर ठेवून घेतलाय हे विचारायला हवंच.

चेहऱ्यापेक्षा कोरडे नमुनेही आले. १९७० च्या दशकात सीबीएसच्या प्रयोगशाळेत अल गोल्डबर्ग यांच्या हाताखाली ते प्रसिद्ध रंगीत उभे पट्टे तयार झाले, जे तुम्ही आज टी-शर्टवर बघता. त्यांच्या तळाशी कोपऱ्यात तीन अंधाऱ्या पट्ट्या असतात, बारकाईने बघितल्याशिवाय दिसणार नाहीत अशा. ती कल्पना बीबीसीची, नाव ‘प्लूज’. एक पट्टी काळ्याहून काळी, एक नेमकी काळी, एक काळ्याहून किंचित उजळ. ब्राइटनेस असा ठेवायचा की पहिल्या दोन एकमेकींत विरघळल्या पाहिजेत आणि तिसरी कशीबशी दिसली पाहिजे. हो, ब्राइटनेसने खरं तर काळा रंग ठरतो, आणि उजेड ठरतो कॉन्ट्रास्टने. नावं आहेत तशी उलटी, सत्तर वर्षांत कुणी बदलली नाहीत.

आणि पट्ट्यांचा रंग कसा तपासायचा? डोळ्यासमोर निळी काच धरून. पांढरा, आकाशी, किरमिजी आणि निळा या चारही पट्ट्यांत निळा भाग सारखाच असतो. म्हणून निळ्या काचेतून चौघे सारखेच उजळ दिसायला हवेत. नाही दिसले तर रंगाचं बटण फिरवा. म्हणजे निळं प्लास्टिक त्यांनीही वापरलं, फक्त टीव्हीऐवजी डोळ्यांना लावलं.

आता येतो मूळ भांडणाकडे. पांढरा रंग कुठला?

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरं. आणखी तापवता आलं तर निळसर झाक येईल. म्हणून पांढऱ्याची छटा तापमानात सांगतात, केल्विनमध्ये. आकडा कमी तर पिवळट, जास्त तर निळसर. टीव्हीसाठी प्रमाण धरलं गेलं सुमारे ६५०० केल्विन, त्याला डी-६५ म्हणतात. साधारण भरदिवसाचा उजेड. स्टुडिओतला मॉनिटर या पांढऱ्यावर लावलेला असतो.

आणि तुमच्या घरातला टीव्ही? तुमच्या आजीला विचारा, पांढरं धोतर किंवा सदरा धुतल्यावर काय करायची. पाण्यात नीळ घालायची. कापड वापरून पिवळट पडतं, थोडी निळी झाक दिली की डोळा फसतो आणि म्हणतो, काय पांढरं शुभ्र! टीव्हीवाल्यांनी हेच केलं. पांढरा ९००० केल्विनच्याही पुढे नेला. दुकानात दहा टीव्ही शेजारी-शेजारी लावलेले, वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, गिऱ्हाईक प्रत्येकासमोर अर्धा मिनिट थांबणार. तिथे ज्याला नीळ जास्त, उजेड जास्त, रंग भडक, तो विकला जातो. अमेरिकेत या सेटिंगला ‘टॉर्च मोड’ असं टोपणनाव पडलं. सगळाच दोष लबाडीचा नाही. जपानमध्ये टीव्हीचा पांढराच ९३०० केल्विनचा धरलेला होता. पण इतर ठिकाणी टीव्ही दुकानासाठी जुळवला जायचा आणि राहायचा घरात.

याविरुद्ध उठलेला माणूस म्हणजे जो केन. १९८९ मध्ये त्यांनी ‘अ व्हिडिओ स्टँडर्ड’ नावाची लेझरडिस्क काढली. सिनेमा नाही, गाणी नाहीत, नुसते पट्टे, राखाडी चौकोन आणि ते कसे वापरायचे याचं मार्गदर्शन. स्टुडिओच्या भिंतीआडचं ज्ञान पहिल्यांदाच एवढ्या नीटसपणे दिवाणखान्यात आलं. १९९४ मध्ये केन आणि जोएल सिल्व्हर यांनी इमेजिंग सायन्स फाउंडेशन उभं केलं, म्हणजे आयएसएफ. तंत्रज्ञांना शिकवायचं, प्रमाणपत्र द्यायचं, आणि त्यांनी लोकांच्या घरी जाऊन टीव्ही जुळवायचे. आज ज्याला प्रोफेशनल कॅलिब्रेशन म्हणतात त्याचा पाया हा. टीव्ही खरेदी करताना मेनूत ‘आयएसएफ’ ही अक्षरं दिसली असतील, ती इथली.

हा माणूस घरी येऊन काय करतो? आधी टीव्ही अर्धा तास तसाच चालू ठेवतो, गरम व्हायला. मग काळा जुळवतो, मग पांढऱ्याचा उजेड. आणि मग कामाचा गाभा: राखाडी. पडद्यावर अंधाऱ्या राखाडीपासून उजळ राखाडीपर्यंत एकेक पायरी लावायची, समोर सेन्सर धरायचा आणि प्रत्येक पायरीवर लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण सारखं करत जायचं. जुन्या सेटमध्ये यासाठी छुपा सर्व्हिस मेनू उघडावा लागे. राखाडीच का? कारण राखाडीत निळं शिरलं असेल तर ते प्रत्येक रंगात शिरलेलं असतं. पातेलंच आंबट असेल तर त्यात काहीही उकळा. राखाडी साफ झाली की बाकीचे रंग बहुतेक आपोआप जागेवर येतात.

ट्यूबवाले टीव्ही गेले आणि चपटे आले तेव्हा वाटलं, चला, मेकॅनिकचं काम संपलं. किरण जुळवायचे नाहीत, चुंबक नाही. पण आता पेटीत कॉम्प्युटर होता आणि तो स्वतःच्या मनाचं करू लागला. शार्पनेसच्या नावाखाली कडांना पांढऱ्या रेघा. २४ फ्रेमच्या सिनेमात मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालायच्या, की कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी ‘टॉप गन: मॅव्हरिक’च्या सेटवरून खास व्हिडिओ काढला, कशासाठी, तर लोकांनी घरच्या टीव्हीतली ही सोय बंद करावी म्हणून. विमानातून उड्या मारणारा माणूस टीव्हीच्या मेनूसाठी हात जोडतोय! पुढच्या वर्षी कंपन्या आणि दिग्दर्शकांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. एक बटण, सगळ्या भानगडी बंद, पांढरा डी-६५.

त्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा तो रात्रीच्या लढाईचा भाग आला आणि जगभर लोक ओरडले, काही दिसत नाहीये. छायाचित्रकार फाबियन वॅग्नर यांचं म्हणणं पडलं की लोकांना आपले टीव्ही नीट लावता येत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे, पण मला ते उत्तर पटत नाही. ज्याच्या घरात खिडकीतून ऊन येतं, ज्याच्याकडे साधा टीव्ही आहे, त्याला काहीच दिसू नये इतकं अंधारात शूट करून वर त्यालाच दोष द्यायचा? बाबांचा प्रश्न इथे फिट्ट बसतो. दिग्दर्शक येणारे का इथं बघायला?

आणि आता तर सेन्सर तुमच्या खिशात आलाय. २०२१ मध्ये ॲपलने अशी सोय दिली की आयफोनची पुढची बाजू टीव्हीच्या पडद्याजवळ धरायची, पडदा रंग बदलत जातो, फोन मोजतो आणि ॲपल टीव्हीचा डबा त्यानुसार आपलं चित्र दुरुस्त करून पाठवतो. एका मिनिटाच्या आसपास काम. प्रोफेशनलची सर याला नाही, तो फक्त त्या डब्यातून येणारं चित्र सुधारतो. तरी माझं स्पष्ट मत असं, की आजच्या चांगल्या टीव्हीत मूव्ही मोड लावला की नव्वद टक्के घरांना पुढचे पैसे खर्च करायची गरज नाही. प्रोजेक्टर असेल, अंधारी खोली बांधली असेल, तर बोलवा माणूस.

आता बाबा. जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर म्हणाले, “भिंतीला कुणी नीळ फासली का गं?” डॉक्टर म्हणाल्या, असं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, ते निळा प्रकाश अडवतं, आणि मेंदू हळूहळू सवय करून घेतो. स्वच्छ भिंग बसलं की सगळं एकदम निळसर. काही आठवड्यांनी, महिन्यांनी सवय होते. मी नंतर वाचलं, चित्रकार क्लोद मोने यांचंही १९२३ मध्ये हेच झालं होतं.

म्हणजे मी दिवाळीत सेटिंग बदलत होते तेव्हा बाबांच्या डोळ्यांवर आधीच एक पिवळी काच होती, आणि मी त्यांना डी-६५ शिकवत होते. कावीळ त्यामुळेच दिसली असं मी म्हणणार नाही. निळ्या टीव्हीची सवय असलेल्या कुणालाही मूव्ही मोड पहिले दोन दिवस पिवळाच वाटतो. पण मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, तुम्हाला नेमकं कसं दिसतंय.

गेल्या आठवड्यात गेले होते. बाबा टीव्हीसमोर बसून एकेक डोळ्यावर तळहात धरत होते. बातम्यांमधल्या माणसाचा पांढरा शर्ट बघत होते. या डोळ्याने निळा, या डोळ्याने मळका, परत निळा, परत मळका.

“खरा कुठला गं?” त्यांनी विचारलं.

मी व्हिव्हिड आणि मूव्हीच्या मधलं एक सेटिंग लावून दिलंय. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत रिमोट आईकडे.